ट्रेलरच्या पोटातला गंज

बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरला दोन्हीकडून मार बसतो. रस्त्यावर खड्डे आणि काठावर खारं पाणी. बोट खाडीत सोडायची तर ट्रेलर उलटा घेत घेत चाकांसकट पाण्यात घालावा लागतो. बोट तरंगली की तो तसाच ओलाचिंब वर ओढून शेडमागे लावतात, आणि पुढचं काम निघेपर्यंत त्याच्याकडे कुणी फिरकत नाही.

ठाणे-कल्याण पट्ट्यात पाणी खारंच. समुद्राची भरती ठाण्याच्या खाडीत शिरते आणि उल्हास खाडीतून थेट कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी येते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजं बांधायला याच काठांनी सुरुवात झाली. त्या लाकडी जहाजांना कीड खायची. आजच्या लोखंडाला ओला खारट वारा खातो.

ट्रेलरची एवढी चौकशी कशाला, असं ज्याला वाटेल त्याने २६ जुलै २००५ चा महापूर आठवावा. किंवा २७ जुलै २०१९ ची सकाळ. उल्हास नदीचं पाणी चढलं आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली. गाडीतल्या सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी एनडीआरएफच्या बोटी पाण्यात उतरल्या. रबरी बोट हवा काढून टेम्पोत टाकता येते. फायबरच्या जड बोटीला मात्र ट्रेलरच लागतो. एरवी महिनोन्‌महिने पडून असलेला हा सांगाडा अशा वेळी अंधारात, खड्ड्यांतून, पूर्ण वजन घेऊन धावायचा असतो. एखादा आडवा चॅनेल तुटला तर बोट धडधाकट असूनही वाटेतच अडकते.

गंज दिसतो तिथे तो फारसा धोक्याचा नसतो. उघड्या चॅनेलवरची लाली वायर ब्रशने निघते. खरा गंज चौकोनी पाइपच्या पोटात बसतो. खाडीचं पाणी सांध्यातून आत जातं, निचऱ्याचं भोक गाळाने बुजलेलं असतं, आणि बाहेरचा रंग शाबूत असताना पत्रा आतून पातळ होत जातो. दुसरी जागा कमानपाट्यांच्या ब्रॅकेटमागची. तिथे चिखल अडकतो आणि दिवसेंदिवस ओला राहतो. दोन प्लेटी एकमेकींवर बसवल्या असतील तर गंज त्यांच्या मधे वाढतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे जाड प्लेटही फुगून सुटते.

फॅब्रिकेशनच्या दुकानात ट्रेलर आला की जाणता कारागीर आधी हातोडी घेतो. पाइपवर वीतभर अंतराने ठोकत जातो. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. खाल्लेल्या जागी तो बसका होतो आणि आत काहीतरी सळसळतं. कटरने तिथे खिडकी पाडली की पापुद्रे ओंजळभर बाहेर पडतात, काळे-तांबडे, काही बोटाएवढे लांब. बाहेरून त्याच जागी रंग चकचकीत असतो.

इथून पुढे काम कसं करायचं यावर त्या ट्रेलरचं आयुष्य ठरतं. सोपी रीत म्हणजे सडलेल्या भागावर प्लेट मारायची, वरून काळा रंग. गाडी त्याच दिवशी परत जाते. माझ्या मते ही दुरुस्ती धरायचीच नाही. खालचं लोखंड सडतच राहतं, प्लेट आणि पाइप यांच्यामध्ये पाण्याला नवी जागा मिळते, आणि पातळ पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, भोकं पडतात.

नीट काम वेळ खातं. आधी बोट उतरवून लांब ठेवायची. फायबर आणि पेट्रोलजवळ ठिणगी नको. सडलेला तुकडा चांगलं लोखंड लागेपर्यंत मागे कापत जायचं. नवा तुकडा त्याच मापाचा, कडांना उतार देऊन बसवायचा. आधी फक्त टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके, मारायचे आणि चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. ते जुळले नाहीत तर ट्रेलर तिरका चालतो आणि टायर एका बाजूने झिजतात. मग थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला असं वेल्डिंग करायचं, म्हणजे उष्णतेने चौकट ओढली जात नाही. जोडावर आधाराची पट्टी लागलीच, तर तिची टोकं तिरकी कापतात. सरळ टोकाला ताण एकाच रेषेत येतो आणि तडा तिथूनच जातो. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायचा. तो लांब राहिला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब करतो.

जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर एक काळजी जास्त घ्यावी लागते. जोडाभोवतीचं जस्त आधी ग्राइंडरने काढायचं. ते जळून निघालेला पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी कारागीर थंडी-तापाने कुडकुडतो. काम झाल्यावर त्या जागी जस्ताचा रंग लावायचाच, कारण जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं.

चौकट बरीच नवी करावी लागत असेल तर ती पूर्ण जोडून गॅल्व्हनायझिंगला देणं उत्तम. सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या वितळलेल्या जस्तात ती बुडवतात, त्यामुळे पाइप आतूनही झाकला जातो. त्याआधी प्रत्येक बंद पाइपला भोकं पाडावीच लागतात. आत ओल कोंडून राहिली तर वाफेच्या दाबाने पाइप फुटू शकतो. हीच भोकं पुढे खाडीच्या पाण्याचा निचरा करतात. ती पुट्टीने बुजवलेले ट्रेलर पाहिले की मला फार वाईट वाटतं.

बोटींची तपासणी पावसाळ्याआधी होते, तेव्हा ट्रेलरलाही हातोडी लागायला हवी. मे महिन्यात सडका तुकडा सापडला तर तो कापून बदलायला वेळ असतो. जुलैत फक्त प्लेट मारली जाते. आणि प्रत्येक वेळी खाडीतून वर आल्यावर गोड्या पाण्याचा पाइप चौकटीच्या भोकांतून आत सोडायचा, दुसऱ्या टोकाने पाणी स्वच्छ येईपर्यंत. नंतर ट्रेलर मागे उतार देऊन उभा करायचा.