घातले तेवढे निघत नाहीत

फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला वापरलेली कॅटामरान, म्हणजे जोडधडाची शिडाची बोट, विकायला काढलेला माणूस भेटला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "गेल्या दोन वर्षांत हिच्यावर ८० हजार डॉलर घातलेत." पुढचा हिशेब तो मनातच करून आलेला असतो. हिच्या वयाच्या बोटी समजा अडीच लाखांना जातात, त्यात आपले ८० हजार मिळवा, झाले ३ लाख ३० हजार. अमेरिकेत स्थायिक झालेले, निवृत्तीनंतर शिडं उभारून कॅरिबियन हिंडून आलेले आपले मराठी लोकही हेच म्हणतात. किती वेळा सांगायचं, की ही बेरीज बाजारात कुणी करत नाही!

पुण्यात फ्लॅट विकताना "नुसत्या मॉड्युलर किचनला सहा लाख गेलेत" म्हणणारे काका आपण पाहिलेत. घेणारा मान डोलावतो आणि विचारतो, याच बिल्डिंगमधला दुसरा फ्लॅट कितीला गेला? बोटीचंही तसंच, फक्त इथे तो प्रश्न विचारणारा माणूस पगारी असतो. ऑफर मान्य झाली की घेणारा साधारण १० टक्के अनामत ठेवतो आणि स्वतःच्या खर्चाने सर्व्हेअर लावतो. बोट पाण्याबाहेर उचलतात, मग समुद्रात चालवून बघतात. शेवटी सर्व्हेअर अहवालात बाजारमूल्य लिहितो. त्याचा आधार असतो तो तशाच बोटींचे प्रत्यक्षात झालेले सौदे. हे आकडे ब्रोकरांना बघायला मिळतात. तुम्हाआम्हाला दिसते ती जाहिरातीतली किंमत, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी तीच बेरीज. कर्ज देणारी बँक आणि विमा कंपनी सर्व्हेअरचा आकडा धरून चालतात. घेणारा तुमच्या नव्या शिडांवर भाळला तरी त्याची बँक भाळत नाही.

बरं, त्या ८० हजारांत असतं काय? डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा बदलल्या. उत्तम. पण दहा-बारा वर्षं झालेल्या तारा बदला, असं विमा कंपन्याच सांगतात. इंजिनाची ताकद पाण्यातल्या पंख्यापर्यंत नेणारा सेलड्राइव्ह बोटीच्या तळातून जिथे बाहेर पडतो तिथलं रबरी सील बदललं. व्होल्व्हो पेंटा ते सात वर्षांनी बदलायला सांगते, आणि कॅटामरानला इंजिनं दोन म्हणून सीलंही दोन, बिलंही दोन. ही सगळी देखभाल झाली. केली नसती तर किंमत कापली गेली असती. केली म्हणून चढत नाही. हा फरक विकणाऱ्याला अन्याय वाटतो. पण दहा वर्षांपूर्वी बोट घेताना त्यानेही आधीच्या मालकाशी हेच केलेलं असतं.

काही सुधारणा तर उलट अंगावर येतात. सध्याचं लाडकं उदाहरण म्हणजे लिथियम बॅटऱ्या. मालकाने यूट्यूब बघून स्वतः बसवलेल्या. सर्व्हेअर झाकण उघडतो आणि आधी बघतो, इंजिनाच्या अल्टरनेटरपासून निघालेली वायर कुठे जाते. ती थेट लिथियम बॅटऱ्यांच्या संचात गेली असेल तर तो वहीत लिहायला लागतो. लिथियम बॅटरी भरत येईपर्यंत भरपूर करंट ओढत राहते, त्यामुळे शिसे-आम्लाच्या बॅटरीसाठी बनवलेला अल्टरनेटर तापतो. शिवाय बॅटरीच्या नियंत्रण यंत्रणेने मध्येच संबंध तोडला तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं ई-१३ हे मानक २०२२ मध्ये आलं ते बोटींवरच्या लिथियम बॅटऱ्यांसाठीच. विमा कंपनी 'हे काम व्यावसायिकाने केल्याचा कागद आणा' म्हणाली की विकणाऱ्याकडे दाखवायला यूट्यूबच उरतं. मग नव्याकोऱ्या बॅटऱ्या 'दुरुस्ती आवश्यक' या यादीत जातात.

दुसरी गोष्ट वजनाची. कॅटामरानचे हल, म्हणजे पाण्यात तरंगणारी तिची दोन धडं, अरुंद असतात, त्यामुळे जादा वजन लगेच जाणवतं. जनरेटर, पाणी गोडं करायचं यंत्र, मागे सोलर पॅनलची कमान, त्याखाली मोठी डिंगी... बोट मागून बसते. दोन हल जोडणाऱ्या मधल्या डेकखालची मोकळी जागा घटते आणि लाटा खालून थाडथाड आदळायला लागतात. जाणकार गिऱ्हाईक आत शिरण्याआधी धक्क्यावर उभं राहून मागच्या पायऱ्या बघतं. सगळ्यात खालची पायरी पाण्यात असेल, तळाच्या रंगाची रेघ वर सरकवून रंगवलेली असेल, तर सुधारणांची यादी वाचायची गरजच उरत नाही.

यादी फार लांब असली तरी शंका येते. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरून गेलं आणि तिथल्या चार्टर कॅटामरानांची अक्षरशः रास झाली. तेव्हा तिथे असलेल्या बोटीला डोलकाठी, इंजिनं, शिडं, वायरिंग सगळं २०१८ चं असेल, तर 'संपूर्ण नूतनीकरण' याचा अर्थ शहाणा माणूस वेगळा लावतो.

मग पैसे घालूच नयेत का? घालावेत, पण ते कशासाठी हे ठाऊक असावं. दोन सारख्या बोटींत चांगली ठेवलेली आधी विकली जाते आणि सर्व्हेनंतरच्या घासाघिशीत तिची किंमत कमी तुटते. तेही कागद असतील तरच. तारेचं वय डोळ्यांनी सांगता येत नाही. तारखेचं बिल नसेल तर ती जुनीच धरतात.

बाकीचे गैरसमज झटपट उरकू. इंजिनाचे तास कमी म्हणजे इंजिन नवं : खाऱ्या हवेत नुसतं उभं राहिलेलं डिझेल इंजिन नियमित चालवलेल्यापेक्षा वाईट निघू शकतं. कॅटामरान उलटत नाही : उलटते, आणि उलटली की आपणहून सुलटी होत नाही. म्हणून तर युरोपीय संघाचा २०१३/५३ हा निर्देश उलटण्याची शक्यता असलेल्या, राहण्याजोग्या बहु-हल बोटींना सुटकेचा मार्ग सक्तीचा करतो. परदेशी झेंड्याची बोट फ्लोरिडात कुणालाही विकता येते : आयात शुल्क भरलेलं नसेल तर अमेरिकेच्या पाण्यात असताना ती तिथल्या रहिवाशांना विकायला काढता येत नाही, जाहिरातीखाली तसं सांगणारी बारीक ओळ त्यासाठीच असते.

आणि "घासाघीस होणारच, मग चढीच किंमत लावू" हा शहाणपणा. गिऱ्हाईक संकेतस्थळावर किमतीची मर्यादा घालून शोधतं, त्यामुळे ३ लाख ३० हजारांची बोट अडीच-पावणेतीन लाखवाल्याला दिसतच नाही. तिकडे मरिनाचं भाडं, विमा, तळ घासणाऱ्या पाणबुड्याचे पैसे दर महिन्याला चालूच. १ जूनला चक्रीवादळांचा मोसम लागतो, त्या काळात बोट कुठे ठेवायची याच्या विमा कंपन्यांच्या अटी असतात, आणि मार्चमध्ये अडीच लाखांना नाक मुरडणारा मालक मेच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःहून ब्रोकरला फोन करतो.