पत्रांतील प्रकृतिमान आणि राजकारण

अठराव्या शतकातील मराठी पत्रांत मायना, म्हणजे ज्याला पत्र लिहायचे त्याच्या मानमरातबाप्रमाणे घातलेला आरंभीचा मजकूर, आणि त्यामागोमाग क्षेमकुशल येत असले, तरी या क्षेमकुशलाला केवळ शिष्टाचार समजणे चुकीचे ठरते. कारण राज्याचा कारभार एका माणसाच्या भोवती फिरत असताना त्याचा ताप उतरला की चढला, हीच दरबारातील सर्वांत मोलाची बातमी असे. थोरले माधवराव पेशवे 1770 मध्ये म्हैसूरच्या हैदरअलीवरील मोहिमेस निघाले, परंतु क्षयाने प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना मोहीम सरदार त्रिंबकराव पेठे यांच्यावर सोपवून परतावे लागले. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे त्यांचे निधन झाले आणि वर्ष उलटण्यापूर्वीच, 30 ऑगस्ट 1773 रोजी, त्यांच्यामागून पेशवे झालेले त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांचा खून झाला.

दुखणे आणि राजकारण पत्रांत असे एकत्र येणे मराठी मुलखापुरतेच नव्हते. याच दशकात अमेरिकेत ॲबिगेल ॲडम्स यांनी जुलै 1776 मध्ये बॉस्टनला आपल्या मुलांना देवी टोचून घेतल्या, आणि फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या कामात गुंतलेल्या पतीला, जॉन ॲडम्स यांना, मुलांचे दुखणे व गावातील राजकीय हालचाली त्या पत्रांतूनच कळवीत होत्या.

मराठी पत्रे आज वाचता येतात त्याचे फार मोठे श्रेय इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना आहे. गावोगावी हिंडून, जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळून त्यांनी कागद मिळवले आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. पुष्कळ पत्रांवर महिना व तिथी असते, वर्ष मात्र नसते. अशा वेळी ते मजकुरावरून ठरवावे लागते, आणि तेथे एखाद्याच्या आजारपणाचा ओझरता उल्लेखही लढाईच्या उल्लेखाइतकाच उपयोगी पडतो. हे काम एकट्याने रेटणाऱ्या या संशोधकाचे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात निधन झाले, आणि त्यांच्या नावाने तेथेच संशोधन मंडळ उभे राहिले, ही खानदेशाच्या खऱ्या अभिमानाची गोष्ट आहे.

धुळे-जळगाव भागातील जुन्या वाड्यांतून मोडी लिपीतील कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, अजूनही कोठे असतील, तर घरगुती दुखण्याखुपण्याची पत्रे म्हणून ते रद्दीत घालू नयेत. आधी मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाला दाखवावेत.