कौलं गेली, कबुतरं आली

बदलापुरात चाळींवर कौलं होती तोवर नवशिक्याला पहिला पक्षी शोधावा लागत नसे. कौलांच्या फटीतून चिमणी काड्या खाली सांडायची आणि नराच्या गळ्यावरचा काळा डाग जेवता जेवता पाठ व्हायचा. नव्वदनंतर इमारती उठत गेल्या, फटी बुजल्या. डक्ट आणि एसीमागचे कोनाडे आले, ते मूळच्या कडेकपारीतल्या पारव्यांच्या पथ्यावर पडले. आता इथल्या पोरांची यादी कबुतरापासूनच सुरू होते. चिमण्या संपल्या, ही ओरड मात्र अर्धीच खरी. 2020च्या देशव्यापी अहवालानुसार एकूण संख्या बरीचशी स्थिर आहे, घट मोठ्या शहरांतली आहे.

तांबटाने या सगळ्या उलथापालथीत जम धरला. सोसायटीतल्या शेवग्याची वाळकी फांदी त्याला घरट्याला पुरते. हिरवं अंग, लाल कपाळ, पिवळा गळा असूनही तो पानांत दिसत नाही. उन्हाळाभर ऐकू येते ती नुसती 'टुक टुक', जणू शेजारी कुणी तांब्याचं भांडं ठोकतंय. दुर्बीण लावलीत तर गंमत कळते. चोच मिटलेली असते, फुगतो तो गळा. आणि मान वळली की आवाज दुसऱ्याच झाडावरून आल्यासारखा वाटतो.

वांगणीकडच्या भातखाचरांचे प्लॉट पडले, तशी म्हशीमागे फिरणारी गायबगळ्यांची रांग जेसीबीमागे लागली. माती उकरली की किडे उडणारच! एरवी पांढराशुभ्र असलेला हा बगळा विणीच्या दिवसांत डोक्या-मानेवर केशरी होतो. नवखे त्याला वेगळाच पक्षी समजतात.

वालधुनी नदीच्या घाणीबद्दल उल्हासनगर-अंबरनाथकरांना नव्याने काय सांगायचं? लांब लाल पायांचा शेकाट्या घाण पाण्यातल्या अळ्यांवरही पोट भरतो. तेव्हा तो दिसला म्हणून नदी सुधारली, असं कुणी छापू नये.

मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर, सलीम अलींचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारने 2020 साली 'पक्षी सप्ताह' म्हणून जाहीर केला. तेव्हापासून त्या दिवसांत नवे हौशी थेट कोंडेश्वर नाहीतर बारवीचं जंगल गाठतात. तिथे पानांआड हलणाऱ्या सावल्या पाहून बरेचजण कंटाळतात. त्यापेक्षा शाळेचं मैदान बरं. उत्तरेकडून आलेला पांढरा धोबी तिथे शेपूट खालीवर करत उघड्यावर फिरतो, आणि शेजारच्या वायरवर वेडा राघू पकडलेली मधमाशी आपटून तिचा काटा काढत बसलेला असतो.