पाच जणींचा एक गुण

कामगार-संघटनेच्या माणसाने व्यायामावर बोलावे याचे काहींस नवल वाटेल. आमचे आयुष्य मजुरीचे दर, कामाचे तास आणि अपघाताची भरपाई यांच्या हिशेबात गेले. शिक्षणही शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक झाले. परंतु ज्या खेळाविषयी आज सांगावयाचे आहे, त्यात हेच प्रश्न जसेच्या तसे उभे राहतात. म्हणून आम्ही हा विषय घेतला. या खेळास रिदमिक जिम्नॅस्टिक्स म्हणतात. आपण त्यास तालबद्ध कसरत म्हणू.

गणपतीच्या दिवसांत आपल्या गावोगावी बाया फुगड्या घालतात. त्या ज्याने पाहिल्या आहेत त्यास हा खेळ समजणे अवघड नाही. तेरा मीटर लांब आणि तेवढाच रुंद असा गालिचा अंथरलेला असतो. त्यावर पाच मुली संगीताच्या तालावर सव्वादोन ते अडीच मिनिटे कसरत करतात. हातात साधने असतात : रिंग, चेंडू, मुद्गलांची जोडी आणि काठीस बांधलेली सहा मीटर लांबीची फीत. यांतील मुद्गल मूळचे आपल्या आखाड्यातले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेने ते विलायतेस नेले, आणि हलके व सडपातळ होऊन ते आता मुलींच्या हातात आले आहेत.

या खेळातले खरे कौशल्य अदलाबदलीत आहे. पाचही मुली आपापले साधन एकाच वेळी उंच उडवितात, ते हवेत असता गिरकी घेतात किंवा कोलांटी मारतात, आणि आपले नव्हे तर मैत्रिणीचे साधन झेलतात. फेकणारीने वीतभर कमी फेकले तर झेलणारीस धावावे लागते. ती धावली की रांग मोडते. पंच गुण देतात ते पाच जणींस मिळून. चूक कोणाची झाली हे गुणफलक सांगत नाही.

मालवणात हे तत्त्व कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. रापण ओढताना दोन्ही टोकांच्या दोरांवर माणसे उभी असतात. एका बाजूने ओढ ढिली पडली तर मासळी निसटते, आणि ती सगळ्यांचीच निसटते. जाळे किनाऱ्यास लागले म्हणजे वाटे पडतात. पण तालबद्ध कसरतीत ओढ सारखी असली तरी वाटे सारखे पडतात काय? आमचा आजचा प्रश्न तोच आहे.

या सांघिक प्रकाराची जागतिक स्पर्धा १९६७ साली कोपनहेगन येथे प्रथम झाली. त्या काळी संघात सहा मुली असत. पुढे त्या पाच झाल्या. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार आला तो १९९६ साली, अटलांटा येथे. तेथे रशिया व बल्गेरिया यांस मागे टाकून स्पेनने सुवर्णपदक जिंकले. स्पेनच्या संघातील सहा मुली पंधरा ते सतरा वर्षांच्या होत्या. गालिच्यावर एका वेळी पाचच उतरत. पदके मात्र सहाही जणींस मिळाली.

त्यांतली एक तानिया लामार्का. उत्तर स्पेनमधील व्हितोरिया हे तिचे गाव. घर सोडून ती माद्रिदला राहिली आणि इतर मुलींबरोबर रोज तासन् तास सराव करू लागली. पूर्ण दिवसाच्या पाळीइतके श्रम या मुली करीत, आणि त्यांच्या वजनावर सतत पहारा असे. सोळाव्या वर्षी ती ऑलिंपिक विजेती झाली. पुढच्याच वर्षी, १९९७ साली, वजन वाढल्याच्या कारणावरून तिची संघातील कारकीर्द संपली. ज्या वयात आपल्याकडची मुलगी शाळा संपवून बाहेर पडते, त्या वयात ही निवृत्त झाली. पुढे ती प्रशिक्षक बनली, आणि २००८ साली तिने आपल्या अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचा अर्थ ‘एका पदकासाठी अश्रू’ असा आहे. २०२२ साली इटलीच्या काही माजी खेळाडूंनीही वजनावरून झालेल्या छळाबद्दल उघडपणे तोंड उघडले.

आणखी एक गोष्ट कामगारांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून संघाच्या सहा जागांच्या पाच झाल्या. राखीव मुलगी गेली. गिरणीत बदली कामगार नसला तर आजारी माणसालाही साच्यावर उभे राहावे लागते. येथेही पाय मुरगळलेल्या मुलीस तीच पाळी येते.

आता आपल्या घराकडे पाहू. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभट दादा देवधर यांनी मल्लखांबाचा प्रसार केला. मुलींनी त्यातला दोरीचा मल्लखांब आपलासा केला. दादरच्या शिवाजी पार्कवरील समर्थ व्यायाम मंदिरात तयार झालेल्या हिमानी परब हिला २०२१ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. मल्लखांबास मिळालेला तो पहिलाच. तालबद्ध कसरतीतही महाराष्ट्र मागे नाही. २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत पूजा सुर्वे ही ठाण्याची मुलगी भारतातर्फे खेळली, आणि नंतर तेथेच नव्या मुलींस शिकवू लागली. ठाण्याच्याच संयुक्ता काळे हिने २०२२ साली पंचकुला येथील खेलो इंडिया स्पर्धेत सुवर्णपदके मिळविली. खेळाडू उतरल्यावर गुरू होते आणि तिच्या हाताखाली पुढची फळी उभी राहते, ही रीत आम्हांस फार मोलाची वाटते. परंतु ती एकेकीच्या जिद्दीवर टिकून आहे. सर्वांना पुरेल अशी व्यवस्था अजून नाही.

महाराष्ट्र शासनाने नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. ही सोय चांगलीच आहे. पण ती पदक मिळविणारीच्या उपयोगी पडते. दहा वर्षे घाम गाळून जिला निवड-चाचणीतून परत यावे लागले, जिचा गुडघा सोळाव्या वर्षी गेला, तिचे काय? कारखान्यात बोट तुटले तर भरपाईचा कायदा आहे. व्यायामशाळेत पाय गेला तर नशिबाला बोल लावण्यापलीकडे काही नाही.

कोणी म्हणतील, खेळ ही हौस आहे. तिला कामगार-कायद्याचे माप कशाला लावता? आमचे उत्तर असे : हौस तास-दोन तासांची असते. रोज पाळीभर राबवून घेऊन तिच्या जोरावर देशाचा झेंडा वर चढवायचा असेल, तर ते श्रमच होत, आणि राबणारी अजून सज्ञानही झालेली नसते. कडक शिस्तीवाचून हा खेळ साधत नाही, हेही आम्ही मानतो. परंतु शिस्त म्हणजे उपासमार नव्हे. भुकेल्या हाताची फेक चुकते, हे आमच्या बंदरावरचा हमालसुद्धा सांगेल.

तेव्हा आपल्या गावात मुलींची व्यायामशाळा चालवावयाची झाली तर चार गोष्टी आधीच ठरवाव्यात. सरावाचे तास लिहून भिंतीवर लावावेत. वजन पाहावयाचे ते वैद्याने, चारचौघांत नव्हे. शाळा बुडू देऊ नये. आणि दुखापतीसाठी विम्याचा हप्ता पहिल्या दिवसापासून भरावा; पदक मिळण्याची वाट पाहू नये. नगरपालिका, शाळा आणि पालक यांनी मनावर घेतले तर यातले काहीच अशक्य नाही.

गुण पाच जणींस मिळून देतात, हा या खेळाचा नियम आम्हांस मनापासून आवडतो. तो गालिच्याच्या कडेशी संपू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. जी मुलगी खेळली, जी राखीव बसली आणि जी जायबंदी होऊन घरी गेली, त्या सर्वांनी दोर ओढला आहे. वाटे पाडताना त्यांतील एकीसही विसरू नये.