ग्रंथकाराची मुलाखत

आमच्या वाचनालयात एक अनुभव वारंवार येतो. रविवारच्या पुरवणीत एखाद्या लेखकाची मुलाखत छापून येते, किंवा दूरचित्रवाणीवर कोणी ग्रंथकार अर्धा-पाऊण तास बोलतो, आणि सोमवारी संध्याकाळी देवघेवीच्या खिडकीशी तीन-चार जण तेच पुस्तक मागावयास येतात. पुस्तकाचे नाव पुष्कळांना आठवत नाही. “काल ते बोलत होते ना, त्यांचं ते पुस्तक,” एवढीच खूण ते सांगतात. ग्रंथपालांना बिचाऱ्यांना कोण, कोठे, काय बोलले याची आधी चौकशी करावी लागते. पुढे खरेदी समितीची बैठक भरली की त्या पुस्तकाचे नाव यादीत वरच्या बाजूस येऊन बसते. पनवेलसारख्या गावी पुस्तकांसाठी हाती असलेली रक्कम मोजकी. एका पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या की दुसरे कोणते तरी एक पुस्तक राहून जाते. म्हणून मुलाखतीने पुस्तक खपते ते कसे, आणि त्यात वाचकाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न आम्हांला केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा वाटत नाही.

मुलाखत हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ भेट. जुन्या कागदपत्रांत सरदारांच्या मुलाखती होतात त्या याच अर्थाने. एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे आणि ते तिसऱ्यासाठी छापावे, ही वृत्तपत्री मुलाखत एकोणिसाव्या शतकातली, आणि ती वाढली अमेरिकेत. होरेस ग्रीली या संपादकाने १८५९ साली मॉर्मन पंथाचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांना सॉल्ट लेक सिटीत गाठून प्रश्न विचारले व ती प्रश्नोत्तरे आपल्या पत्रात छापली, ते या प्रकाराचे एक आरंभीचे उदाहरण समजतात. ग्रंथकार या जाळ्यात सापडावयास वेळ लागला नाही. मुंबईत जन्मलेला आणि अलाहाबादच्या ‘पायोनियर’मध्ये नोकरी केलेला तरुण रुड्यार्ड किपलिंग १८८९ साली अमेरिकेत मार्क ट्वेनचे घर शोधीत एल्मायरा गावी गेला आणि त्या भेटीवर त्याने लेख लिहिला.

हाच मार्क ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये स्वतः मुंबईस आला. त्याने काढलेली प्रकाशनसंस्था बुडाली होती, १८९४ मध्ये दिवाळे निघाले होते, आणि सावकारांची देणी फेडण्यासाठी साठीच्या उंबरठ्यावर तो जगभर व्याख्याने देत फिरत होता. मुंबईत तो वॉटसन हॉटेलात उतरला, नॉव्हेल्टी थिएटरात बोलला, आणि ठिकठिकाणी देई तशा येथील वृत्तपत्रांच्या बातमीदारांनाही त्याने मुलाखती दिल्या. मौज अशी की, मुलाखतकारांची यथेच्छ टर उडविणारा एक विनोदी लेख त्यानेच पूर्वी लिहिला होता! पण पैशाची निकड थट्टेहून बलवत्तर ठरते. मुलाखत वाचून लोक व्याख्यानाला येत, व्याख्यान ऐकून पुस्तकाकडे वळत, आणि या सगळ्या प्रवासावर १८९७ मध्ये त्याचे ‘फॉलोइंग द इक्वेटर’ हे पुस्तक निघाले. तो पुण्यासही जाऊन आला, परंतु आगगाडीने. बोटीने पनवेलपर्यंत यावे आणि येथून घाट चढावा हा रिवाज बोरघाटातून गाडी सुरू झाल्यावर मागे पडला होता, नाहीतर तो आमच्या गावावरूनच गेला असता.

मराठी ग्रंथकाराला त्या काळी प्रश्न विचारावयास कोण येणार? त्याने स्वतःच उठून बोलावे लागे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिच्या धर्तीवर गावोगाव अशा माला निघाल्या. लेखक व वाचक यांची समोरासमोर भेट या मांडवांत होई. आमच्या पनवेलीतच १७ सप्टेंबर १८८५ रोजी जन्मलेले केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार, यांचे उदाहरण पाहा. लेखणी त्यांची, १९२१ पासून ‘प्रबोधन’ हे नियतकालिक त्यांचे, आणि व्यासपीठ हाती आले की आवाजही त्यांचाच. ‘वक्तृत्वशास्त्र’ या नावाचे पुस्तकच त्यांनी लिहिले होते. लेखकाला आपली बाजू मांडण्यासाठी दुसऱ्याच्या प्रश्नांची वाट पाहावी लागत नसे, हा या पद्धतीचा गुण. तोटा असा की ज्याला बोलता येई त्याचाच ग्रंथ लोकांच्या कानी पडे.

आकाशवाणी आली तेव्हा हा तोटा थोडासा कमी झाला. मुंबईत नभोवाणी १९२७ मध्ये सुरू झाली होती, पुण्याचे केंद्र १९५३ मध्ये निघाले. ध्वनिक्षेपकासमोर ओरडावे लागत नाही. हळू बोलणारा, सभेत घाम फुटणारा लेखकही तेथे निभावून जाई. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ या कार्यक्रमातून साहित्यिक घराघरांत दिसू लागले. ज्यांची पुस्तके आपण वर्षानुवर्षे वाचली त्यांचा चेहरा प्रथमच पाहावयास मिळाला, याचे त्या पिढीला मोठे अप्रूप होते. या गप्पांत विक्रीचा वास नव्हता.

तो आता का आला, हे समजून घ्यावयाचे तर प्रकाशकाच्या जागी बसून पाहावे. मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा हजार-अकराशे प्रतींची. वर्तमानपत्रातील जाहिरातीची चौकट महाग, आणि जाहिरात म्हटली की वाचक तिच्यावर अर्धाच विश्वास ठेवतो. मुलाखतीला मात्र दाम पडत नाही आणि ती बातमीच्या शेजारी बसते. म्हणून प्रकाशनसमारंभाच्या आगेमागे, किंवा साहित्य संमेलनाच्या सुमारास, मुलाखती गुंफल्या जातात. प्रकाशक पुस्तकाची प्रत धाडतो, सोबत लेखकाचा परिचय, आणि कधी कधी विचारावयाचे प्रश्नही. मुलाखत घेणाऱ्याला आठवड्यात तीन पुस्तके हातावेगळी करावयाची असतात. तो मलपृष्ठ वाचतो. “आपण लेखनाकडे कसे वळलात?” आणि “ही कल्पना कशी सुचली?” हे दोन प्रश्न जेथे सुरुवातीस येतील तेथे पुस्तक वाचले गेलेले नाही असे खुशाल समजावे. ते जगातील कोणत्याही ग्रंथकाराला विचारता येतात.

लेखकाने आपल्या पुस्तकाविषयी बोलावे यात लाजण्यासारखे काही आहे असे आम्हांला वाटत नाही. विणकर आपले लुगडे उलगडून दाखवितो, तेव्हा त्याला कोणी आत्मप्रौढीचा दोष देत नाही. पाच वर्षे खपून लिहिलेल्या ग्रंथाचे मानधन महिन्याच्या वाणसामानालाही पुरत नाही, आणि वर त्याने मौनही पाळावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. आपल्याकडे लेखकाला मुलाखतीत “मी काही लेखक नाही, लोकांनी गोड मानून घेतले,” असे म्हणावे लागते. हा विनयही पुष्कळदा वेषच असतो. त्यापेक्षा “या कामासाठी मी अमुक अमुक गोष्टी धुंडाळल्या, अमुक ठिकाणी अडलो,” असे सरळ सांगणारा बरा.

गोंधळ होतो तो पुस्तक बाजूला राहून माणूसच विकला जाऊ लागतो तेथे. याचा सर्वांत अधिक त्रास आत्मकथनांना झाला. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीने काढले. त्याची रचना आठवा: दगडू मारुती पवार हा आपली कहाणी सांगतो आणि ती ऐकतात दया पवार. म्हणजे ग्रंथकाराने स्वतःचीच मुलाखत घेतली आहे. शिकलेला, शहरात स्थिरावलेला कवी एका बाजूस आणि महारवाड्यातून आलेला दगडू दुसऱ्या बाजूस, हे अंतर त्या पुस्तकाचा गाभाच आहे. असे पुस्तक घेऊन बसलेल्या लेखकाला “हे सारे खरेच घडले काय?” एवढाच प्रश्न आपण विचारला, तर आपण त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो. दोन वर्षांनी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले, त्यापुढे अशा आत्मकथनांची रांगच लागली. त्यांच्या लेखकांपाशी आम्ही वाचक पुष्कळदा दुःखाचा तपशील मागत राहिलो, भाषेविषयी, मांडणीविषयी मात्र क्वचित विचारले. सुनीताबाई देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’विषयी (१९९०) झालेली बरीचशी चर्चा पु. ल. कसे होते याचीच झाली. लिहिणारी बाई, तिची वाक्ये, तिचे स्वतःशी चाललेले भांडण हे वाचावयास पुस्तकच उघडावे लागते.

आणि जे बोललेच नाहीत त्यांचे काय झाले? जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत राहिले. सभा, सत्कार, मुलाखती यांपासून ते दूर असत. असंख्य वाचकांनी त्यांना कधी पाहिलेही नाही. ‘काजळमाया’ १९७२ सालचे, ‘पिंगळावेळ’ १९७७ चे, म्हणजे दूरदर्शनच्या ऐन नव्याईतले, तरी त्या कथा वाचणारा वाचक आजही आमच्या खिडकीशी येतो. त्यांनी जे मुलाखतीत सांगितले नाही ते पत्रांत लिहिले, आणि ती पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने आली. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ मध्ये घराघरांत मुक्काम ठोकला, तेव्हा मुंबईत दूरदर्शन यावयास पाच वर्षे होती. एका वाचकाने दुसऱ्याला “वाचलीस का?” असे विचारणे, ही जुनी मुलाखत अजून हरलेली नाही.

उलट बोलणाऱ्याच्या वाट्याला काय येते ते भालचंद्र नेमाडे यांच्यावरून दिसते. ‘हिंदू – जगण्याची समृद्ध अडगळ’ ही त्यांची सहाशे पानांची कादंबरी २०१० मध्ये आली. तिची वाट लोक वर्षानुवर्षे पाहत होते, साहजिकच लेखकाला गाठण्याची वर्तमानपत्रांत अहमहमिका लागली. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये ज्ञानपीठ जाहीर झाले आणि एका कार्यक्रमात ते सलमान रश्दी व नायपॉल यांच्याविषयी जे बोलले त्यावर रश्दींनी चिडून उत्तर दिले. देशभर त्याची बातमी झाली. सहाशे पाने एकीकडे आणि एक वाक्य दुसरीकडे, अशा तराजूत माध्यमांचे पारडे कोठे झुकते हे सांगावयास नको. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ त्या वादावर तासभर बोलले. कादंबरी वाचली काय, असे विचारता म्हणाले, “आणायची आहे.”

फ्रान्समध्ये बेर्नार पिव्हो यांचा ‘अपॉस्ट्रॉफ’ हा कार्यक्रम १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षे चालला. दर शुक्रवारी रात्री चार-पाच ग्रंथकारांना एकत्र बसवून ते बोलते करीत, आणि शनिवारी दुकानांत त्या पुस्तकांना मागणी येई. यात जादू एवढीच की पिव्हो पुस्तके वाचून येत. एकदा त्यांच्याकडे व्लादिमीर नाबोकोव्ह आले. न लिहिता बोलावयास त्यांचा ठाम नकार असे. प्रश्न आधी मागवावयाचे, उत्तरे घरी लिहून काढावयाची आणि कार्डांवरून वाचावयाची, ही त्यांची अट. दूरचित्रवाणीवरही ते तसेच वाचीत बसले. आपल्या कोणा लेखकाने असे केले तर त्याला शिष्ट म्हणतील. आम्हांला मात्र त्यात वाचकाविषयीचा आदर दिसतो. शब्द ज्याचा धंदा आहे त्याने तो घाईने का द्यावा?

आता तर यूट्यूबवर दोन-दोन तास मुलाखती चालतात. वेळेचे बंधन नसल्यामुळे त्यांतील काही खरोखर चांगल्या असतात. लेखक सावकाश उलगडतो, चुकले तर मागे येऊन दुरुस्त करतो. पण त्यांचेच अर्ध्या मिनिटाचे तुकडे कापून फिरविले जातात, आणि तुकड्यासाठी वाद हवा असतो. दोन तास ऐकलेल्या श्रोत्याला पुष्कळदा पुस्तक वाचल्याचेच समाधान होते, हा एक नवाच प्रकार आम्ही पाहत आहो.

दोन वर्षांपूर्वी येथे एका ग्रंथकाराची प्रकट मुलाखत झाली. गृहस्थ बोलण्यात पटाईत. प्रत्येक प्रश्नाला “हे मी पुस्तकात सविस्तर लिहिलेच आहे,” असे म्हणून ते एक किस्सा सांगत आणि सभागृह हसे. मांडवातच पन्नासेक प्रती संपल्या, आणि समितीनेही उत्साहाच्या भरात दोन घेतल्या. त्याच महिन्यात मिठागरांवरच्या कामाविषयी लिहिणारे एक दुसरे लेखक आले होते. त्यांना प्रश्नांची उत्तरे नीट देता येईनात. शेवटी विचारणाऱ्या बाईंनी पुस्तकच त्यांच्या हाती दिले आणि “एक पान वाचाल का?” असे म्हटले. त्यांनी दीड पान वाचले. आगरात पाणी कसे घेतात, ऊन चढल्यावर पायाची कातडी कशी फाटते, एवढेच. टाळ्या बेताच्या पडल्या. त्यांची एकच प्रत आम्ही घेतली, तीही भिडेखातर.

परवा साठातपासणीच्या वेळी दोन्ही पुस्तके कपाटातून काढली. पहिल्याच्या दोन्ही प्रतींवर मिळून तारखेचे सात शिक्के होते. मिठागरांच्या पुस्तकाची चिठ्ठी भरून ग्रंथपालांनी तिच्याखाली दुसरी डकविली होती, आणि शिवण उसवल्यामुळे ते बांधणीला पाठवावयाच्या गठ्ठ्यात गेले.