लॉर्ड फॉकलंड : एका इंग्रज उमरावाची नातीगोती आणि सातारच्या गादीचा वारसा

प्रस्तावना

मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात आले ते एका विवाहामुळे. १६६१ च्या करारान्वये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रॅगांझा हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरला आणि मुंबई आंदण म्हणून देण्यात आली. आंदणात नेमके काय काय येते याविषयी पुढे बरीच वर्षे वाद चालला. आज मीरा-भाईंदर शहर ज्या भूमीवर वसले आहे तो साष्टीचा उत्तर भाग, घोडबंदर आणि वसईच्या खाडीचा दक्षिण काठ, आंदणात समाविष्ट नाही असे सांगून पोर्तुगीजांनी स्वतःकडेच ठेवला. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी व वसई मराठ्यांनी जिंकली आणि १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली. एकाच उत्तर कोकणातील लगतच्या दोन बेटांपैकी एक सोयरिकीने, तर दुसरे शस्त्रबळाने इंग्रजांकडे गेले.

इंग्रजी सत्तेच्या अभ्यासात शस्त्रबळ, व्यापार व कायदा यांची चर्चा विपुल झाली आहे. सोयरिकीची मात्र त्या मानाने कमी. १८४८ ते १८५३ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर असलेला लॉर्ड फॉकलंड हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. ज्याची बहुतेक पदे नात्यागोत्यातून आली, त्याच उमरावाला मुंबईत पाऊल ठेवताच सातारच्या दत्तक वारसाविषयी मत द्यावे लागले. वारस कोणाला म्हणावे या प्रश्नाकडे त्याचे घराणे, त्याचे सासर आणि त्याचे सरकार कोणत्या दृष्टीने पाहत होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कॅरी घराणे

ल्यूशियस बेंटिंक कॅरी, दहावा व्हायकाउंट फॉकलंड, याचा जन्म १८०३ मधील. फॉकलंड हे गाव स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात आहे. परंतु कॅरी घराणे अस्सल इंग्रज. १६२० मध्ये राजा पहिला जेम्स याने हेन्री कॅरी याला स्कॉटलंडच्या उमरावपदांपैकी ही पदवी दिली, एवढाच त्या गावाशी आलेला संबंध. घराण्याचा लौकिक मोठा होता. पहिल्या व्हायकाउंटची पत्नी एलिझाबेथ कॅरी हिचे १६१३ मध्ये छापले गेलेले ‘द ट्रॅजेडी ऑफ मरियम’ हे इंग्रजी भाषेतील स्त्रीने लिहिलेले पहिले मुद्रित स्वतंत्र नाटक मानले जाते. तिचा मुलगा, दुसरा व्हायकाउंट, इंग्लंडच्या यादवी युद्धात १६४३ मध्ये न्यूबरीच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना पडला. दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांचे नावही पाचव्या व्हायकाउंटवरून पडलेले आहे.

लौकिक होता, पण संपत्ती नव्हती. दहाव्या व्हायकाउंटचे वडील नौदलात कप्तान होते. १८०९ मध्ये एका क्षुल्लक भांडणातून झालेल्या द्वंद्वयुद्धात ते मारले गेले. ल्यूशियस तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता. कवी लॉर्ड बायरन हा या कुटुंबाचा स्नेही. त्याची स्वतःची स्थिती बेताची असतानाही त्याने विधवेला पाचशे पौंड दिले, तेही तिला संकोच वाटू नये म्हणून पेल्यात ठेवून. घरातील सर्वांत धाकट्या मुलाला बायरनचेच नाव ठेवण्यात आले. या मुलाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

राजाचा जावई

फॉकलंडच्या आयुष्याला वळण मिळाले ते २७ डिसेंबर १८३० रोजी. त्या दिवशी ब्रायटनच्या राजवाड्यात त्याचा विवाह अमेलिया फिट्झक्लेरेन्स हिच्याशी झाला. अमेलिया ही राजा चौथा विल्यम याची कन्या; परंतु अनौरस. विल्यम हा क्लेरेन्सचा ड्यूक असताना डोरोथिया जॉर्डन या आयरिश अभिनेत्रीबरोबर वीस वर्षे राहिला व त्यांना दहा मुले झाली. ‘फिट्झ’ म्हणजे पुत्र. क्लेरेन्सची मुले म्हणून ती फिट्झक्लेरेन्स. अमेलिया या दहांमध्ये सर्वांत धाकटी. १८११ मध्ये ड्यूकने अभिनेत्रीचा त्याग केला आणि १८१६ मध्ये ती फ्रान्समध्ये हलाखीत वारली. विल्यमने १८१८ मध्ये राजकन्या अॅडलेडशी रीतसर विवाह केला, परंतु त्या विवाहातील मुली शैशवातच दगावल्या.

परिणामी १८३७ मध्ये विल्यमचा मृत्यू झाला तेव्हा त्याची अनेक मुले हयात असूनही राजमुकुट त्याची पुतणी व्हिक्टोरिया हिच्याकडे गेला. त्याच दिवशी हॅनोव्हरचे राज्य मात्र व्हिक्टोरियाला मिळाले नाही. तेथील नियम पुरुष वारसाला प्राधान्य देणारा असल्याने ते विल्यमच्या भावाकडे गेले. एका राजाच्या दोन गाद्या, आणि दोहोंचे वारस निरनिराळे. वारसा हा रक्ताचा विषय आहे असे म्हटले जाते, परंतु कोणते रक्त मोजायचे हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवीत होता. फॉकलंडच्या सासरी हा धडा घरोघर ठाऊक असणार.

राजाच्या अनौरस मुलांना गादी नसली तरी मानमरातब भरपूर मिळाला. १८३१ मध्ये थोरल्या मुलाला अर्ल ऑफ मन्स्टर करण्यात आले आणि इतरांना मार्क्विसच्या मुलांचा दर्जा देण्यात आला. जावयाचेही भाग्य उजळले. फॉकलंडला राजाच्या शयनगृहाच्या मानकऱ्याचे पद मिळाले. स्कॉटलंडच्या सर्वच उमरावांना लंडनच्या उमराव सभागृहात बसता येत नसे. ती अडचण १८३२ मध्ये ‘बॅरन हन्सडन’ ही नवी पदवी देऊन दूर करण्यात आली.

नोव्हा स्कोशियातील मेहुण्याचे प्रकरण

१८४० मध्ये फॉकलंड कॅनडाच्या किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया या वसाहतीचा गव्हर्नर झाला. तेथे लोकप्रतिनिधींना जबाबदार असणाऱ्या राज्यपद्धतीची मागणी जोर धरत होती व पत्रकार जोसेफ हाऊ हा त्या मागणीचा पुढारी होता. प्रारंभी हाऊ फॉकलंडच्या कार्यकारी मंडळात सामील झाला. डिसेंबर १८४३ मध्ये मात्र फॉकलंडने मॅथर आमन या सावकारी पेढीवाल्या गृहस्थाची मंडळावर नेमणूक केली. आमनची प्रमुख ओळख अशी, की तो मंडळातील ज्येष्ठ सभासद जॉन्स्टन याचा मेहुणा होता. हाऊ व त्याच्या दोन सहकाऱ्यांनी तत्काळ राजीनामे दिले. त्यानंतर हाऊने वर्तमानपत्रातून गव्हर्नरवर जी टीका केली तीत ‘द लॉर्ड ऑफ द बेडचेंबर’ या शीर्षकाचे उपहासात्मक काव्यही होते. शयनगृहाच्या मानकरीपदावरील तो टोला कोणालाही समजण्यासारखा होता.

१८४६ मध्ये फॉकलंडला परत बोलावण्यात आले. १८४८ च्या आरंभी त्याच नोव्हा स्कोशियात जबाबदार मंत्रिमंडळ अधिकारावर आले. इंग्लंडच्या समुद्रापारच्या वसाहतींत ही पहिलीच घटना. आणि त्याच वर्षी फॉकलंड मुंबईला रवाना झाला.

सातारचा दत्तक

फॉकलंडने १ मे १८४८ रोजी मुंबईच्या गव्हर्नरपदाची सूत्रे घेतली. त्यापूर्वी जेमतेम चार आठवडे, ५ एप्रिल रोजी, सातारचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले होते. त्यांना औरस पुत्र नव्हता. मृत्यूपूर्वी काही तास त्यांनी विधिपूर्वक दत्तक घेतला होता. त्यांचे थोरले बंधू प्रतापसिंह महाराज यांना कंपनीने १८३९ मध्येच पदच्युत करून काशीला पाठविले होते व १८४७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले होते. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते अद्याप लंडनमध्ये ठाण मांडून होते.

मावळता गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याचे मत स्पष्ट होते. १८१९ च्या तहात हे राज्य महाराजांना, त्यांच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना कायमचे दिले आहे. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा वारसच होय. तेव्हा दत्तक मान्य करावा. सातारचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर यानेही दत्तकाच्याच बाजूने लिहिले. मुंबई कौन्सिलातील विलोबी याने याविरुद्ध विस्तृत टिपण तयार केले. खाजगी मालमत्तेपुरता दत्तक वैध असला, तरी कंपनीने निर्माण केलेल्या मांडलिक राज्याची गादी सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून दत्तकाला मिळू शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद. हिंदुस्थानच्या कारभाराचा कोणताही पूर्वानुभव नसलेल्या फॉकलंडने विलोबीची बाजू उचलून धरली. अवघ्या महिन्याभरात मुंबई सरकारचे मत बदलले. गव्हर्नर-जनरल डलहौसीने ३० ऑगस्ट १८४८ रोजी खालसा करण्याचा अभिप्राय लिहिला आणि जानेवारी १८४९ मध्ये कंपनीच्या संचालकांनी, टकर आदींचा विरोध डावलून, त्याला मान्यता दिली.

फॉकलंडच्या पदरी याचा किती दोष घालावा? अंतिम निर्णय त्याचा नव्हता, हे मान्य करावेच लागेल. क्लार्क आणखी वर्षभर राहता तरी डलहौसीने आपला हेतू सोडला असता असे दिसत नाही. तथापि क्लार्कच्या टिपणामागे मुंबईच्या नव्या गव्हर्नरचेही बळ असते, तर संचालकांपुढे मुंबई सरकारचा अधिकृत विरोध गेला असता. तो गेला नाही, कारण नव्या उमरावाला हा प्रश्न मुळात अवघड वाटलाच नसावा. ज्या इंग्लंडमध्ये तो वाढला तेथे दत्तक ही कायद्याने अस्तित्वातच नसलेली गोष्ट होती. इंग्लंडमध्ये दत्तकाचा पहिला कायदा १९२६ मध्ये झाला आणि त्यानंतरही उमरावपदाचा वारसा दत्तकाला मिळत नाही. उलट हिंदू परंपरेत दत्तकविधान हा निपुत्रिकाने शोधलेला पळवाटीचा मार्ग नाही. पितरांचे ऋण आणि घराण्याचे देव पुढे चालविणारा तो पूर्ण पुत्र होय. रक्ताचे असूनही रीतसर विवाहाअभावी ज्यांना गादी नाकारली गेली अशा मेहुण्यांच्या सहवासात वावरलेल्या माणसाला, रक्ताचा नसूनही विधीने झालेला वारस परका वाटला तर त्यात नवल नाही. समजण्याजोगे आहे, समर्थनीय मात्र नाही. तह सातारच्या छत्रपतींशी झाला होता, आणि ‘वारस’ या शब्दाचा अर्थ तह करणाऱ्या दोन्ही पक्षांच्या रूढीने लावायला हवा होता. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला हे पटले. कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. तोवर साताऱ्याचे राज्य उरले नव्हते.

मुंबईतील अखेरची वर्षे

फॉकलंडच्या कारकिर्दीत इलाख्यात घडलेल्या मोठ्या गोष्टींचे श्रेय त्याला देण्याचे कारण नाही. १८५२ मध्ये भायखळ्याच्या परिसरात धावलेल्या बांधकामाच्या इंजिनाला त्याचे नाव देण्यात आले, परंतु १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली त्या समारंभाला स्वतः गव्हर्नर हजर नव्हता.

नात्यांच्या दृष्टीने मात्र ही वर्षे लक्षणीय आहेत. १८५२ च्या अखेरीस मुंबई लष्कराचा सरसेनापती म्हणून लॉर्ड फ्रेडरिक फिट्झक्लेरेन्स आला. तो अमेलियाचा सख्खा भाऊ. डिसेंबर १८५३ मध्ये फॉकलंड पायउतार होईपर्यंत, म्हणजे सुमारे वर्षभर, मुंबई इलाख्याचा मुलकी प्रमुख आणि लष्करी प्रमुख हे मेहुणे-मेहुणे होते. आणि दोघांचेही नाते सिंहासनावरील राणीच्या चुलत घराशी होते. नोव्हा स्कोशियात एका मेहुण्याच्या नेमणुकीवरून मंत्रिमंडळ फुटले. मुंबईत तसा प्रश्न विचारू शकणारी प्रतिनिधिसभाच नव्हती; बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली तीच १८५२ मध्ये. फ्रेडरिकला मायदेश पुन्हा दिसला नाही. ऑक्टोबर १८५४ मध्ये तो पुरंदरावर वारला.

या साऱ्या कुटुंबात लेखणीने काही टिकाऊ मागे ठेवले असेल तर ते अमेलियाने. तिचे ‘चाऊ-चाऊ’ हे दोन खंडांतील पुस्तक १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. फेरीवाल्याच्या सरमिसळ मालाच्या टोपलीवरून घेतलेले हे नाव. मुंबई, दापोडी, महाबळेश्वर येथील माणसे, झाडे, सण, नोकरचाकर यांची तिने केलेली वर्णने आजही वाचनीय आहेत. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी तिच्या पतीच्या टिपणांपेक्षा हे पुस्तक अधिक बारकाईने वाचावे असे आहे.

वंशाची समाप्ती

अमेलिया १८५८ मध्ये वारली. पुढच्याच वर्षी फॉकलंडने सेंट ऑल्बन्सच्या नवव्या ड्यूकच्या विधवेशी विवाह केला. हे ड्यूकघराणे म्हणजे मुंबईचे आंदण घेणारा राजा दुसरा चार्ल्स आणि नेल ग्विन ही अभिनेत्री यांचा अनौरस वंश. याच नवव्या ड्यूकची पहिली पत्नीही, हॅरियट मेलन, रंगभूमीवरचीच होती. दोन्ही विवाहांनी फॉकलंडचे घर राजवाडा आणि रंगमंच यांच्याशी जोडले गेले. मुंबईतील त्याच्या नावाच्या फॉकलंड रोडला पुढे पठ्ठे बापूरावांचे नाव देण्यात आले, हा योगायोगही येथे नोंदविण्यासारखा आहे.

त्याचा एकुलता एक मुलगा १८७१ मध्ये निपुत्रिक वारला. १२ मार्च १८८४ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे फॉकलंडचा मृत्यू झाला. सातारच्या छत्रपतींप्रमाणे त्यालाही मृत्युसमयी औरस वारस नव्हता. व्हायकाउंटचे पद त्याचा भाऊ, आरमारी अधिकारी प्लँटॅजेनेट कॅरी याच्याकडे गेले. तोही १८८६ मध्ये निपुत्रिक वारला. तेव्हा पद मिळाले ते बायरनचे नाव ठेवलेल्या धाकट्या भावाच्या मुलाला. त्याच्या नव्या पदाला संमती द्यावी की नाही, हे ठरविण्यासाठी कोणत्याही कौन्सिलाची बैठक भरली नाही.