उड्डाण प्रशिक्षक आणि वैमानिकांचे नियतकालिक उड्डाण-पुनरावलोकन : एक विवेचन

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्यातील उलवे येथील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्यामुळे कोलाड-रोहा परिसरातील विद्यार्थ्यांचे विमानचालनाविषयीचे कुतूहल वाढणे स्वाभाविक आहे. वैमानिकाला परवाना कसा मिळतो याची चर्चा होते. मात्र मिळालेले कौशल्य टिकून आहे किंवा नाही हे कोण पाहते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा उड्डाण प्रशिक्षकाच्या भूमिकेतून विचार केला आहे.

पुनरावलोकनाची गरज :
जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. १९३२ मधील आपल्या कराची-मुंबई उड्डाणाची पुनरावृत्ती त्यांनी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी केली. वैमानिकाचे उड्डाण-आयुष्य किती दीर्घ असू शकते, हे यावरून लक्षात येते. या काळात विमाने बदलतात, हवाई क्षेत्राचे नियम बदलतात आणि सराव नसेल तर हातचे कसबही उणावते.

अमेरिकेतील पद्धती :
या व्यवस्थेचे सर्वात स्पष्ट रूप अमेरिकेच्या नियमांत आढळते. तेथे विमानाचे प्रमुखपद सांभाळणाऱ्या वैमानिकाला दर २४ महिन्यांत पुनरावलोकन करून घ्यावे लागते. त्यात किमान एक तास जमिनीवरील व किमान एक तास उड्डाणातील प्रशिक्षण अंतर्भूत असते. मुदत महिनाअखेरपर्यंत मोजतात. म्हणजे १० जून २०२४ रोजी झालेले पुनरावलोकन ३० जून २०२६ पर्यंत ग्राह्य धरले जाते.

प्रशिक्षक प्रथम वैमानिकाचे लॉगबुक पाहतो, तो कोणत्या प्रकारचे उड्डाण करतो हे विचारतो आणि त्यानुसार आराखडा ठरवतो. नियम, हवामान, इंधन व वजन यांवर चर्चा होते. नंतर आकाशात मंदगती उड्डाण, तीव्र वळणे, स्टॉलमधून सावरणे, आडव्या वाऱ्यातील अवतरण व इंजिन बंद पडल्यास करावयाची कृती यांसारख्या बाबी पाहिल्या जातात.

शेरा व जबाबदारी :
पुनरावलोकन ही परीक्षा नव्हे. त्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल नसतो. कामगिरी समाधानकारक असल्यास प्रशिक्षक लॉगबुकात शेरा लिहून सही करतो. ती नसल्यास नापासाची नोंद होत नाही. केवळ दिलेल्या प्रशिक्षणाची नोंद होते व आणखी सराव सुचवला जातो. त्यामुळे वैमानिक आपल्या उणिवा मोकळेपणाने दाखवू शकतो.

परंतु याच रचनेत एक धोकाही आहे. वैमानिक अनेकदा प्रशिक्षकाच्या परिचयाचा असतो, शुल्कही तोच देतो. दोन तास भरले म्हणून सही करणे सोपे, तर 'अजून थोडा सराव हवा' असे म्हणणे अवघड. नियम तासांची किमान संख्या सांगतो. ते तास पुरेसे झाले किंवा नाही, हे प्रशिक्षकालाच ठरवावे लागते.

भारतीय संदर्भ :
भारतात नागरी विमानचालन महासंचालनालय परवाने देते. गोंदियाजवळील बिरसी, बारामती व धुळे ही महाराष्ट्रातील उड्डाण प्रशिक्षणाची परिचित ठिकाणे होत. विमान कंपन्यांतील वैमानिकांची दर सहा महिन्यांनी प्रवीणता तपासणी होते. ऑक्टोबर २०२३ मधील दुरुस्तीने व्यावसायिक परवान्याची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे झाली. कागदाची मुदत वाढली तरी कौशल्याची मुदत आपोआप वाढत नाही. म्हणूनच मधल्या काळातील तपासणीचे महत्त्व अधिक आहे.

समारोप :
सारांश, पुनरावलोकनाचे मूल्य प्रशिक्षकाच्या सहीच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणपत्रकावर सही करणाऱ्या आपणा प्राध्यापकांनाही हा प्रश्न परका नाही. दोष दाखवून पुन्हा शिकवणे आणि तोवर सही न करणे, हेही अध्यापनच होय.